सँडीगेटचा शनिवार

शेफिल्डच्या पश्चिमेला क्रॉसपूल नावाचं चढावरचं उपनगर आहे. तिथे सँडीगेट रोडवर, ‘प्लाऊ’ या पबसमोर, 1804 पासून क्रिकेट आणि 1860 पासून फुटबॉल खेळलं जाणारं मैदान आहे. जगातलं सर्वांत जुनं फुटबॉल मैदान म्हणून गिनेस बुकात त्याची नोंद आहे. हे हॅलम फुटबॉल क्लबचं घर. इंग्लंडमध्ये प्रीमियर लीग आणि तिच्याखालच्या तीन विभागांत मिळून 92 क्लब आहेत. त्यांच्याखाली उरलेलं सगळं ‘नॉन-लीग’. हॅलम या खालच्या जगातला क्लब. मला सांगायचंय ते इथल्या शनिवारच्या कामाबद्दल, कारण हा सारा इतिहास त्या कामावर उभा आहे.

सामना दुपारी तीनला असतो, पण काम सकाळीच सुरू होतं. मी पोचलो तेव्हा सत्तरीकडे झुकलेले एक गृहस्थ एका गोलसमोरच्या चिखलात उभे होते. रात्रभर पाऊस झाला होता. बागकामाचा चार दातांचा लोखंडी काटा ते पायाने दाबून जमिनीत घुसवत, मुठीला हलकासा मागे झोका देत आणि उपसून वीतभर पुढे सरकत. झोका दिला की भोकं थोडी रुंदावतात आणि वर साचलेलं पाणी आत उतरतं. मग त्या भोकांवर वाळू पसरायची. जोर जास्त लागला तर गवताची मुळं सुटतात, कमी पडला तर पाणी हलत नाही. गोलरक्षक जिथे उभा राहतो तेवढी जागा पुरी करायलाच त्यांना बराच वेळ लागला. त्यांना या कामाचा एक पैसाही मिळत नाही.

त्यांच्या मागून रेषा आखणारे दोघे आले. आधी दोन खुंट्यांमध्ये दोरी ताणायची, मग तिच्या कडेने रंगाचं चाकाचं यंत्र एका चालीने ढकलायचं. मध्येच थांबलं की तिथे रंगाचा गोळा होतो. मैदानाला चांगलाच उतार आहे, त्यामुळे यंत्र खालच्या अंगाला ओढ घेतं आणि मनगटाने ते सतत सावरावं लागतं. पेनल्टीची खूण गोलरेषेपासून 12 यार्डांवर, पेनल्टी क्षेत्राची हद्द 18 यार्डांवर. मापं पाठ असली तरी टेप लावल्याशिवाय कोणी रंग सोडत नाही.

26 डिसेंबर 1860 रोजी हॅलम आणि शेफिल्ड फुटबॉल क्लब याच मैदानावर भिडले, तेव्हा यातली एकही रेषा नव्हती. दोन वेगळ्या क्लबांमधला हा पहिला सामना मानला जातो. शेफिल्डने तो 2-0 असा जिंकला. नाथॅनियल क्रेसविक आणि विल्यम प्रेस्ट यांनी 1857 मध्ये स्थापन केलेला शेफिल्ड क्लब जगातला सर्वांत जुना. 1858 मध्ये त्यांनी स्वतःचे नियम केले आणि पुढे शहरातले इतर क्लबही तेच पाळू लागले. लंडनच्या फुटबॉल असोसिएशनने (एफए) 1863 मध्ये आपले नियम केले. त्यांत गोलखांबांवर आडवी दांडी नव्हती, चेंडू कितीही उंचावरून गेला तरी गोल धरला जाई. शेफिल्डकडे दांडी होती. कॉर्नर किकही शेफिल्डच्या नियमांतूनच पुढे सर्वत्र गेली. 1877 मध्ये दोन्ही नियमावल्या एक झाल्या. आज कॉर्नरचा झेंडा रोवणारा तरुण मातीत तो पुन्हा पुन्हा ठोकून सरळ आहे का हे पाहत होता. ही किक ज्या गावाने खेळाला दिली, तिथला झेंडा वाकडा असून चालणार नाही, असं तो अगदी मनापासून म्हणाला.

दुपारकडे पंच आले. त्यांनी चेंडू हातातून सोडून उसळी पाहिली, टाच रोवून जमीन किती दबते ते पाहिलं आणि होकार दिला. या होकारावर क्लबचं बरंच काही अवलंबून असतं. सामना रद्द झाला तर गेटचे पैसे नाहीत, चहा आणि ‘पाय’ (सारण भरून भाजलेला पदार्थ) यांची विक्री नाही, आणि तो पुढे एखाद्या थंड मंगळवारी रात्री खेळायचा तर गर्दी निम्मीही होत नाही. नॉन-लीगपर्यंत टीव्हीचा पैसा वरून जेमतेम झिरपतो. फाटक, कँटीन, सोडत, स्थानिक दुकानदारांच्या पाट्या यांवर संसार चालतो. खेळाडू आठवडाभर आपापल्या नोकऱ्या करतात आणि संध्याकाळी सराव करतात.

कँटीनमध्ये दोन बायका मोठ्या भांड्यात पाणी उकळत होत्या. ‘पाय’ गरम करून ओळीने मांडल्या होत्या आणि शेजारी हेंडरसन्स रेलिशची बाटली. हा शेफिल्डचा स्वतःचा सॉस, त्यावाचून इथे ‘पाय’ खाणं कोणाला पटत नाही. मध्यंतराच्या पंधरा मिनिटांत साऱ्या मैदानाला चहा द्यायचा असतो. म्हणून कप आधीच रांगेत मांडून ठेवतात, सुटे पैसे वेगळ्या डब्यात. गर्दी आली तेव्हा दोघींपैकी कोणीही मान वर केली नाही, आणि शिट्टी वाजेपर्यंत रांग संपलेली होती.

हॅलमच्या नावावर युडन कपही आहे. थॉमस युडन या नाट्यगृहमालकाने 1867 मध्ये बारा क्लबांची स्पर्धा भरवली. एफए कप तेव्हा जन्मालाही आला नव्हता. अंतिम सामन्यात गोल झालाच नाही. त्या काळी शेफिल्डमध्ये गोलच्या दोन्ही अंगांना चार यार्डांवर आणखी निशाणं असत आणि तिथून ‘रूज’ नावाचा दुय्यम गुण मिळे. हॅलमने नॉरफोक क्लबला त्या रूजवर हरवलं. पुढे हा चषक बेपत्ता झाला आणि 1997 मध्ये एका स्कॉटिश जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याकडून क्लबला परत मिळाला.

या इतिहासाचा एक धागा मुंबईला येऊन भिडतो. 29 डिसेंबर 1862 रोजी हॅलम आणि शेफिल्ड ब्रॅमल लेन मैदानावर खेळले ते लँकशायरच्या बेकार गिरणी कामगारांच्या मदतनिधीसाठी. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने तिथला कापूस थांबला होता, गिरण्या बंद पडल्या होत्या. त्याच टंचाईने मुंबईत कापसाला सोन्याचा भाव आला, प्रेमचंद रायचंदांसारख्या व्यापाऱ्यांची चलती झाली आणि 1865 मध्ये तो फुगा फुटला. मदतीसाठी भरवलेल्या त्या सामन्यात मात्र दोन्ही संघांत चांगलीच हाणामारी झाली.

जुनेपणाने पोट भरत नाही, हे शेफिल्ड क्लबची वाटचाल पाहिली की कळतं. 2004 मध्ये फिफाने त्याचा सन्मान केला. पण 2001 मध्ये डर्बीशायरमधल्या ड्रॉनफील्डला जाईपर्यंत त्याला स्वतःचं मैदान नव्हतं, आणि 2011 मध्ये आपले मूळ नियम व जुने दस्तऐवज लिलावात 8,81,250 पौंडांना विकावे लागले. हॅलमकडे मैदान राहिलं. 2021-22 मध्ये त्यांनी नॉर्दर्न काउंटीज ईस्ट लीगचा आपला विभाग जिंकून बढतीही मिळवली.

सामना संपल्यावर प्रेक्षक पांगले आणि सकाळचीच माणसं पुन्हा मैदानात उतरली. उखडलेली गवताची ढेकळं त्यांनी पायाने जागेवर बसवली, जाळ्या सोडवल्या, झेंडे गोळा केले. ती ढेकळं त्याच संध्याकाळी बसली नाहीत तर दोन दिवसांत सुकतात आणि पुढच्या सामन्याला तिथे खड्डा मिळतो. माझ्या मते क्लबचा खरा वारसा हे काम आहे. चषक हरवला तरी सव्वाशे वर्षांनी परत येऊ शकतो. मैदानाची निगा एक हिवाळा राहिली नाही तर तिथे खेळ होत नाही.

मुलांकडे किंवा नोकरीनिमित्त इंग्लंडला जाणारे मराठी लोक आता कमी नाहीत. बड्या क्लबांचं महागडं तिकीट मिळालं नाही म्हणून हळहळू नका. जिथे असाल तिथला नॉन-लीग क्लब शोधा, फाटकावर पैसे भरून आत जा, कँटीनमधला चहा घ्या. आणि सामना संपल्यावर थोडं थांबून ढेकळं बसवायला हात लावा. तुम्हाला कोणी नको म्हणणार नाही.