ग्रहांची रांग आणि रमजानचा चांद

२०२५ मध्ये रमजानचा चांद पाहायला जे छतावर गेले, त्यांना एकटा चांद दिसला नाही. १ मार्च २०२५ ची ती संध्याकाळ आठवून पाहा. सूर्य साडेसहाच्या सुमारास बुडाला. मगरीबनंतर पश्चिमेला बारीक कोर आली. तिच्या वर एक चमचमता तारा होता, इतका तेजस्वी की अनेकांना ते विमान वाटले. तो शुक्र. कोरीच्या खाली, क्षितिजाजवळ एक लहानसा ठिपका होता, तो बुध. मान वर केली की जवळजवळ डोक्यावर गुरू आणि पूर्वेकडे उंचावर तांबूस मंगळ. चांद आणि चार ग्रह, सगळे एकाच नजरेच्या टप्प्यात.

त्याआधीचा महिनाभर मोबाईलवर या ग्रहांचाच बोलबाला होता. "सात ग्रह एका रेषेत येणार", "शेकडो वर्षांत असे घडले नाही", असे व्हिडिओ घरोघरी फिरत होते. त्यांच्या शेपटीला आणखी काही जोडलेले असे: भूकंप होईल, समुद्र खवळेल, ही कयामतची निशाणी आहे. आपल्या घरांतही हे संदेश आले, पुढे पाठवले गेले आणि लहान मुले घाबरली. आमच्या शाळेतल्या एका मुलीने विचारले, "आता परीक्षा होणार की नाही?" ती हसत विचारत होती, पण डोळे हसत नव्हते.

म्हणून या ग्रहांच्या रांगेचा नीट विचार केला पाहिजे. आकाशात खरोखर काय घडले, त्याला किती घाबरायचे आणि आपला दीन याविषयी काय शिकवतो?

रांग म्हणजे काय?

आपल्या भागात मळणीयंत्रे आली नव्हती तेव्हा खळ्यात मधोमध तिवडा रोवून त्याभोवती बैल फिरवत. आतल्या बैलाचा फेरा लहान, बाहेरच्याचा मोठा, पण सगळे फिरत एकाच सपाट खळ्यावर. सूर्यमालेचेही तसेच आहे. सूर्य हा तिवडा. बुध त्याच्याभोवती ८८ दिवसांत फेरी मारतो, शुक्र २२५ दिवसांत, आपली पृथ्वी वर्षभरात, मंगळ ६८७ दिवसांत, गुरू सुमारे १२ वर्षांत आणि शनी साडेएकोणतीस वर्षांत. फरक इतकाच की खळ्यातले बैल एका दाव्याला बांधलेले असतात, तर ग्रह आपापल्या चालीने चालतात.

सगळ्या ग्रहांच्या वाटा जवळपास एकाच पातळीत असल्याने पृथ्वीवरून ते नेहमी आकाशातल्या एकाच पट्ट्यात दिसतात. सूर्य आणि चंद्रही त्याच पट्ट्यातून जातात. म्हणजे दोन ग्रह दिसले तरी ते 'रांगेत'च असतात. दुर्मिळ असते ते बरेच ग्रह एकाच वेळी सूर्याच्या एकाच बाजूला येणे आणि संध्याकाळी किंवा पहाटे एकत्र दिसणे. अवकाशात ते काही एका सरळ रेषेत उभे नसतात. नेपच्यून तर पृथ्वी सूर्यापासून जितकी दूर आहे, त्याच्या तीसपट दूर आहे.

आणि सात ग्रह दिसले का? जानेवारी-फेब्रुवारीत साध्या डोळ्यांनी शुक्र, शनी, गुरू आणि मंगळ हे चार ग्रह सहज दिसत होते. १८ जानेवारीच्या सुमारास शुक्र आणि शनी अगदी शेजारी आले होते. युरेनस आणि नेपच्यून पाहायला दुर्बीण लागते. युरेनसचा शोध १७८१ मध्ये आणि नेपच्यूनचा १८४६ मध्ये लागला, म्हणून जुन्या ग्रंथांत पाचच ग्रह आढळतात. २८ फेब्रुवारीला बुधही संध्याकाळच्या आकाशात आला आणि गणती सात झाली. पण तोवर शनी सूर्याच्या इतका जवळ सरकला होता की संधिप्रकाशात तो शोधणे फार कठीण होते. सातही ग्रह आकाशात होते हे खरे, सातही ग्रह सगळ्यांना दिसले हे खरे नाही.

'शेकडो वर्षांत असे नाही' हेही तसेच. जून २०२२ मध्ये पहाटेच्या आकाशात बुध, शुक्र, मंगळ, गुरू आणि शनी असे पाच ग्रह ओळीने दिसले होते. सप्टेंबर २०४० मध्ये हेच पाच ग्रह संध्याकाळी आकाशाच्या एका लहानशा भागात गोळा होतील आणि त्यांच्यासोबत चंद्रकोरही असेल. आज चौथीत असलेली मुलगी तेव्हा पंचविशीत असेल. तिने ते दृश्य घाबरून पाहायचे की आनंदाने, हे आपण आज तिला काय शिकवतो त्यावर ठरेल.

भीतीचा जुना इतिहास

ही भीती आजची नाही. फेब्रुवारी १९६२ मध्ये 'अष्टग्रही' आली होती. जग बुडणार म्हणून देशभर होमहवन झाले, लोकांनी प्रवास टाळले, कित्येकांनी कामे सोडली. तारीख आली आणि गेली. घरातल्या वयस्कर मंडळींना विचारा, काहींना आठवत असेल. १९७४ मध्ये दोन लेखकांनी पुस्तक लिहून सांगितले की १९८२ मध्ये ग्रह एका बाजूला आले की अमेरिकेत मोठा भूकंप होईल. १९८२ साल आले, ग्रह आले, भूकंप आला नाही.

कारण साधे आहे. समुद्राला भरती-ओहोटी येते ती चंद्रामुळे आणि काही प्रमाणात सूर्यामुळे. चंद्र लहान असला तरी जवळ आहे आणि सूर्य दूर असला तरी प्रचंड आहे. इतर ग्रह इतके दूर आहेत की त्या सगळ्यांची ओढ एकत्र केली तरी पृथ्वीवर तिचा परिणाम नगण्य.

आकाशाचा जमिनीवर परिणाम कधीच होत नाही, असे मात्र मेहकरच्या माणसाने म्हणू नये. आपल्या शेजारी लोणार आहे. फार फार पूर्वी अवकाशातून एक प्रचंड दगड येऊन इथल्या काळ्या बेसाल्ट खडकावर आदळला आणि सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर तयार झाले. आज त्यात खाऱ्या पाण्याचे सरोवर आहे. २०२० मध्ये त्याला रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, स्थान मिळाले. अकबर बादशाहच्या काळात मेहकर हे वऱ्हाड सुभ्यातले एक सरकार होते आणि अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त लोणारची नोंद केली आहे. लोणारचा खड्डा आपल्याला एक फरक शिकवतो. तो दगडाच्या धडकेने पडला, ग्रहांच्या रांगेने नाही. धडकेची खूण खडकात राहते, ती मोजता येते, तपासता येते. ग्रहांच्या रांगेने आणलेल्या संकटाची अशी एकही खूण कोणाला दाखवता आलेली नाही.

आपला दीन काय शिकवतो?

हिजरी १० मध्ये प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांचे लहानगे पुत्र इब्राहीम यांचे निधन झाले. त्याच दिवशी सूर्यग्रहण लागले. मदिनेतले लोक म्हणू लागले, प्रेषितांच्या घरच्या दुःखाने सूर्यही काळवंडला. दुःखात बुडालेल्या बापाला ही गोष्ट गप्प राहून चालू देता आली असती. पण प्रेषितांनी (स.) लोकांना स्पष्ट समजावले की सूर्य आणि चंद्र ही अल्लाहची निशाणी आहे, कोणाच्या मरणाने किंवा जगण्याने त्यांना ग्रहण लागत नाही, ग्रहण दिसले तर नमाज पढा आणि दुआ करा. चौदाशे वर्षांपूर्वी, कलेजा फाटलेला असताना, खोट्या समजुतीला थारा न देणे, ही आपली शिकवण आहे.

हुदैबियाच्या मुक्कामी रात्री पाऊस पडला. तेव्हाही प्रेषितांनी (स.) सांगितले की पाऊस अल्लाहच्या कृपेने आला असे मानणे हा ईमान आहे आणि अमुक ताऱ्यामुळे आला असे मानणे त्याच्या विरुद्ध आहे. आपल्याकडे मृग लागला की पेरणीची तयारी होते. मुसलमान शेतकरीही 'मृगाचा पाऊस' म्हणतो. त्यात गैर काही नाही, कारण तिथे मृग हे कॅलेंडर आहे. पाऊस मृग देतो असे म्हटले की गोष्ट बदलते. वेळ ओळखायला तारे पाहावेत, नशीब ओळखायला पाहू नयेत. कुरआननेही नव्या चांदांना लोकांच्या व्यवहाराच्या आणि हजच्या वेळा ठरवण्याचे साधन म्हटले आहे.

२०२५ चा चांद हे याच वेळ ओळखण्याचे उत्तम उदाहरण होते. २८ फेब्रुवारीला आपल्याकडे २९ शाबान होती. अमावास्येचा क्षण त्याच दिवशी सकाळी सव्वासहाच्या सुमारास होऊन गेला होता. संध्याकाळी चांद जेमतेम बारा तासांचा होता आणि सूर्याच्या इतका जवळ होता की त्याची कोर दिसणे शक्यच नव्हते. दुसऱ्या दिवशी तो छत्तीस तासांचा झाला आणि सूर्यास्तानंतर तासाभराहून अधिक काळ आकाशात राहिला. म्हणून भारतात पहिला रोजा २ मार्चला झाला. रुयते-हिलालचा मान राखूनही गणित समजून घेता येते. गणित माहीत असलेला माणूस कुठे आणि किती वाजता पाहायचे हे जाणतो आणि चांदवरून होणाऱ्या घरातल्या भांडणात तो शांत राहतो.

हजेरीपटावरचे आकाश

मुलांना आकाशाची ओढ लावायला महाग दुर्बीण लागत नाही. वर्गात एकदा हजेरीपट उघडून नावे वाचली आणि प्रत्येक नावाचे आकाश शोधले. जोहरा म्हणजे शुक्र. मुश्तरी म्हणजे गुरू, मिर्रीख म्हणजे मंगळ, जुहल म्हणजे शनी, उतारिद म्हणजे बुध. सुरैया आणि परवीन ही दोन्ही नावे मराठीतल्या कृत्तिकांची. नजमा आणि अंजुम म्हणजे तारे. तारिक म्हणजे रात्री येणारा, आणि या नावाची सूरह कुरआनात आहे. कमर म्हणजे चांद, हिलाल म्हणजे नवा चांद. ज्या सुरैयाला आपण आकाशात राहतो हे कधी माहीत नव्हते, तिने त्या रात्री छतावर जाऊन गुरूच्या जवळचा आपला पुंजका शोधून काढला आणि शेजारच्या दादीला दाखवला. दादी म्हणाली, "माशाअल्लाह, साठ बरस से देख रही हूँ, नाम आज मालूम हुआ."

ही नावे आपल्याकडे उगाच आलेली नाहीत. मराठीत जिला रोहिणी म्हणतात, तिला जग 'अल्डेबरान' म्हणते. तो मूळ अरबी शब्द 'अद-दबरान', म्हणजे मागून येणारा, कारण हा तारा सुरैयाच्या मागे मागे उगवतो. मृगातल्या 'रायजेल'चे मूळ 'रिज्ल', म्हणजे पाय. इ.स. ९६४ मध्ये अब्दुर्रहमान अस-सूफी यांनी ताऱ्यांचा ग्रंथ लिहिला आणि त्यात देवयानी दीर्घिकेची नोंद एक लहानसा ढग म्हणून केली. समरकंदमध्ये उलुग बेग यांनी वेधशाळा उभारून हजाराहून अधिक ताऱ्यांची जागा मोजली. आपल्या शेजारच्या हैदराबादमधल्या निजामिया वेधशाळेने विसाव्या शतकात आकाशाच्या आंतरराष्ट्रीय नकाशाच्या कामात मोठा वाटा उचलला. हा वारसा नुसता मिरवण्यासाठी नाही. ही माणसे रात्र-रात्र जागली, मोजत राहिली, आधीच्यांच्या चुका दुरुस्त करत राहिली. त्यांचे वारस म्हणवून घ्यायचे तर न तपासता संदेश पुढे पाठवणे आपल्याला शोभत नाही.

आता पुढे काय पाहाल?

येत्या २७ आणि २८ मे रोजी दुपारी २ वाजून ४८ मिनिटांनी सूर्य बरोबर काबा शरीफच्या माथ्यावर असतो. त्या क्षणी अंगणात एक काठी सरळ उभी करा. काठीच्या सावलीच्या उलट दिशेला किब्ला. मेहकरहून तो पश्चिमेपासून किंचित उत्तरेला झुकलेला आहे. १५ आणि १६ जुलैला २ वाजून ५७ मिनिटांनी हीच संधी पुन्हा येते, ढग नसले तर.

१२ ऑगस्ट २०२५ ला फजरनंतर पूर्वेला पाहण्यासारखे दृश्य होते. शुक्र आणि गुरू एकमेकांच्या अगदी जवळ दिसले, जोहरा आणि मुश्तरी शेजारी-शेजारी.

आणि ७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री पूर्ण चंद्रग्रहण झाले. ११ ते १२ वाजून २२ मिनिटांपर्यंत चंद्र पूर्ण झाकलेला, तांबूस होता. चंद्रग्रहण उघड्या डोळ्यांनी पाहण्यात कसलाही धोका नाही. ग्रहणाच्या रात्री आपल्या कित्येक घरांत गरोदर सुनेला सांगितले जाते की चाकू धरू नकोस, काही खाऊ नकोस, खिडकीजवळ जाऊ नकोस, नाहीतर बाळाला व्यंग येईल. याला ना दीनचा आधार आहे ना डॉक्टरांचा. पोटात बाळ असताना उपाशी राहणे हेच खरे नुकसान आहे. अशा रात्री तिला वेळेवर जेवू घाला, औषध द्या, मग हात धरून छतावर न्या आणि चंद्र दाखवा. घरातल्या सर्वांनी नफल नमाज पढावी, दुआ करावी, जमेल तितका सदका द्यावा. प्रेषितांनी (स.) ग्रहणाच्या वेळी जे सांगितले ते एवढेच आहे.