एका रस्त्यावरची दोन माहेरं

निघायच्या आदल्या रात्री जयपूरहून आत्याचा फोन आला. "गाडीत काय भरलंय ते राहू दे. राहणार किती दिवस ते सांग." तीन रात्री, असं म्हटल्यावर तिचा आवाज मोकळा झाला. "मग या. एकच रात्र टेकायचं असेल तर तो मुक्काम नव्हे, थांबा म्हणतात त्याला."

धुळे ते अमृतसर असा आमचा बेत होता. गाडीत मी, पत्नी, बारा वर्षांची लेक आणि सत्तरी ओलांडलेली आई. दिवस संक्रांतीचे. जयपूर बरोबर मध्यावर नसलं, तरी मनाने तेच मधलं ठिकाण होतं, कारण तिथे चाळीस वर्षांपासून आत्याचं घर आहे. नणंद-भावजय सात वर्षांनी भेटणार होत्या.

धुळ्याहून जयपूरला जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५२ मला फार आवडतो. कर्नाटकच्या किनाऱ्यावरचं अंकोला आणि पंजाबातलं संगरूर ही त्याची दोन टोकं. लांबी सुमारे २,३०० किलोमीटर. सोलापूर, तुळजापूर, बीड, छत्रपती संभाजीनगर करत तो धुळ्याला येतो. पुढे शिरपूरजवळ तापी ओलांडून बिजासनच्या घाटाने सातपुडा चढतो, खलघाटला नर्मदा पार करतो आणि विंध्य चढून माळव्याच्या पठारावर येतो. या वाटेवर एक गोष्ट मुलांना आवर्जून दाखवावी. तापी आणि नर्मदा आपल्या डाव्या हाताला, पश्चिमेकडे वाहत जातात. विंध्य ओलांडला की सारंगपूरची कालीसिंध, कोट्याची चंबळ ही सगळी पाणी उत्तरेला यमुनेकडे निघालेली दिसतात. म्हणजे रस्ताही उत्तरेला आणि नद्याही उत्तरेला. शाजापूरच्या परिसरात कर्कवृत्त मागे पडतं.

धुळे ते जयपूर हे अंतर सुमारे साडेआठशे किलोमीटर. नेटाने चालवलं तर दीड दिवसाचं काम. आईमुळे आम्ही पहिली रात्र इंदुरात आणि दुसरी कोट्यात काढली. या दोन मुक्कामांत एक पदार्थ आमच्याबरोबर प्रवास करत होता. आमच्या खानदेशात लग्नाकार्याच्या पंगतीत वरण-बट्टी असते. जाडसर कणकेत हळद, ओवा, मीठ घालून गोळे करायचे, उकडायचे, मग कापून तळायचे. बरोबर तुरीचं वरण आणि घोटलेली वांग्याची भाजी. इंदुरात तोच गोळा बाफला होतो, आधी पाण्यात उकळून मग गोवऱ्यांवर भाजलेला. जयपुरात पोचेपर्यंत पाणी सुटतं आणि उरते बाटी. ती कच्चीच निखाऱ्यात जाते, भाजून निघाली की फोडून तुपात बुडते, आणि सोबत पाच डाळींची पंचमेल दाल आणि चूरमा. जसजसं कोरड्या मुलखात जावं तसतसं गोळ्यातलं पाणी कमी होत जातं. ज्याच्याजवळ भांडी थोडी, पाणी त्याहून थोडं आणि गोवऱ्या मात्र जागोजागी, अशा वाटसरूचं हे अन्न आहे.

टोंकहून जयपूरकडे जाताना गाडीत केसरबाई केरकरांचं गाणं लावलं. याच टोंक जिल्ह्यातल्या उणियाऱ्यात १८५५ मध्ये उस्ताद अल्लादिया खाँसाहेबांचा जन्म झाला. पुढे ते कोल्हापुरात आले, राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना दरबारात आश्रय दिला आणि जयपूर-अत्रौली घराण्याचं गाणं महाराष्ट्रात रुजलं. केसरबाई, मोगूबाई कुर्डीकर, मल्लिकार्जुन मन्सूर, किशोरी आमोणकर या नावांशिवाय आपलं संगीत सांगता येत नाही. त्या नावांच्या मुळाशी ही मोहरीच्या पिवळ्या शेतांची जमीन आहे, हे रस्त्यावरून जाताना फार जवळून कळतं.

आत्याचं घर टोंक रोडच्या आतल्या एका वसाहतीत. दारात पोचलो तेव्हा आतोबा फाटक उघडून उभे होते आणि आत्या आईचा हात धरून तशीच आत घेऊन गेली. सामान आम्ही तासाभराने उतरवलं. त्या दुपारी आम्ही काहीही पाहिलं नाही. गच्चीवर उन्हात बसून बोरं आणि मटाराच्या शेंगा खाल्ल्या. आत्याची सून सीकरची. तिने वाफाळत्या फुलक्यांबरोबर गट्ट्याची भाजी केली होती आणि आत्याने तिच्याच ओट्यावर पिठलं. दोन्ही बेसनाचीच, एक घट्ट, एक पातळ. आई म्हणाली, "हे घर दोन्हीकडचं आहे." रात्री अंगावर जयपुरी रजया आल्या. आत हलका, नीट पिंजलेला कापूस, म्हणून वजन नाही आणि ऊब मात्र पुरेपूर. खाली बगरू गावच्या ठशांची चादर. हे नाव मी पुढे पुन्हा घेणार आहे.

दुसऱ्या दिवशी आतोबांनी आम्हाला जुन्या शहरात नेलं. सवाई जयसिंगांनी १७२७ मध्ये वसवलेलं, विद्याधर भट्टाचार्यांच्या आखणीचं हे शहर. सरळ रुंद रस्ते, काटकोनातले चौक, एकसारखी दुकानं. २०१९ मध्ये या तटबंदीच्या शहराला जागतिक वारशाचा मान मिळाला, जंतरमंतरला तो २०१० मध्येच मिळाला होता. तिथलं सम्राट यंत्र म्हणजे सुमारे २७ मीटर उंचीची दगडी सावलीघडी. सावली मिनिटाला साधारण सहा सेंटिमीटर सरकते, म्हणजे डोळ्यांना दिसावी इतकी. आतोबांनी लेकीला घड्याळ काढायला लावलं. घड्याळात बारा वाजले तरी सावलीचे बारा वाजेनात. ते वाजले सुमारे साडेबारा उलटल्यावर, पस्तीस मिनिटांनी. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे आणि जयपूर त्याच्या पावणेसात अंश पश्चिमेला. एका अंशाला चार मिनिटं धरली तर सत्तावीस मिनिटांचा हिशोब लागतो. उरलेली आठ मिनिटं पृथ्वीची लंबवर्तुळाकार कक्षा आणि तिच्या आसाचा कल यांमुळे जानेवारीत पडणारा फरक.

त्याहून सुंदर गोष्ट पुढची. प्राचीन भारतीय ज्योतिषाने आपली मध्यरेखा उज्जैनवरून काढली. जयपूर जवळजवळ त्याच रेखांशावर आहे. इंदूरही तिथेच. म्हणजे इंदूर सोडल्यापासून आम्ही डावीउजवीकडे वळत का होईना, पण त्या जुन्या मध्यरेखेलाच धरून वर येत होतो. जयसिंगांनी वेधशाळा बांधल्या त्या पाच ठिकाणांत जयपूर आहे, तसं उज्जैनही आहे.

त्या शहरात फिरताना माझ्या मनात एक बाई सतत होती. राधाबाई, बाळाजी विश्वनाथांची पत्नी, बाजीराव आणि चिमाजीअप्पांची आई. १७३५ च्या आरंभी ती पुण्याहून काशीयात्रेला निघाली. उदयपूरला राणाने तिचा सन्मान केला, पुढे नाथद्वारा करून ती जयपूरला आली आणि पावसाळ्याचे दिवस तिथेच राहिली. खुद्द सवाई जयसिंगांनी तिचं आतिथ्य केलं. शहर तेव्हा अवघं आठ वर्षांचं होतं. पुढे मथुरा, प्रयाग, काशी, गया करून १७३६ च्या उन्हाळ्यात ती सुखरूप पुण्याला परतली. या पाहुणचारात राजकारण होतं, हे खरंच. माळव्यात मराठ्यांचा जोर वाढत होता आणि १७३६ मध्येच किशनगडजवळ बाजीराव आणि जयसिंग यांची भेट झाली. तरीही एक म्हातारी बाई शेकडो कोसांच्या यात्रेत मध्येच थांबली, पाऊस सरेपर्यंत एका घरची झाली, आणि मग पुढे निघाली. लांबच्या प्रवासातला मराठी मुक्काम म्हटला की मला ती आठवते.

त्रिपोलिया बाजारातून ईसरलाट दिसते. सात मजल्यांचा हा मनोरा जयसिंगांचे पुत्र ईश्वरीसिंग यांनी १७४९ मध्ये उभारला, सावत्र भाऊ माधोसिंग यांच्या पक्षावरच्या विजयाची खूण म्हणून. १७४८ मध्ये या दोघांच्या वारसायुद्धात बगरूची लढाई झाली आणि मल्हारराव होळकर माधोसिंगांच्या बाजूने लढले. आमच्या चादरीवरचं ते बगरू हेच. पुढे ईश्वरीसिंगांकडून ठरलेल्या पैशांच्या वसुलीसाठी मराठी फौज जयपूरवर चालून आली. १७५० च्या डिसेंबरात ईश्वरीसिंगांनी स्वतःचा अंत करून घेतला. माधोसिंग गादीवर आले, मागणी मात्र थांबली नाही. १० जानेवारी १७५१ रोजी शहर पाहायला, खरेदीला तटाच्या आत आलेल्या मराठी माणसांवर जयपूरकर तुटून पडले आणि मोठी कत्तल झाली.

राधाबाई आणि ही कत्तल यांच्यात फक्त सोळा वर्षं आहेत. शहर तेच, दरवाजे तेच, आलेली माणसंही एकाच मुलखातली. राधाबाई आली ती राहायला. नंतरचे आले ते मागायला. मेलेले बहुतेक साधे शिपाई आणि बाजारबुणगे असतील, त्यांनी काही मागितलं नसेल. पण त्यांच्या धन्यांच्या मागण्यांची किंमत त्यांनी दिली. हे मला तिथे उभं राहून टोचलं आणि लेकीलाही मी ते तसंच सांगितलं. आपल्या पराक्रमाच्या गोष्टी आपण मुलांना सांगतो. ज्यांच्या दारात तो पराक्रम गेला, त्यांची बाजूही त्याच आवाजात सांगायला हवी.

तिसरा दिवस संक्रांतीचा. जयपूरची संक्रांत गच्चीवर असते. सकाळी सातपासून आभाळ पतंगांनी भरलेलं, गल्लोगल्ली "वो काटा!"चा गजर, हातात तिळाचे लाडू आणि दुधातली फीणी. दुपारी आत्याची सून चौदा वस्तू मांडून बसली. इथे सवाष्णी संक्रांतीला एकाच प्रकारच्या चौदा वस्तू वाटतात. आत्याने तिच्या शेजारीच हळदीकुंकवाचं तबक ठेवलं आणि तिळगूळ. वाण लुटायची आपली रीत आणि त्यांची चौदाची रीत एकाच सतरंजीवर पार पडली. शेजारच्या बायका आल्या, त्यांनी दोन्ही घेतलं. आई त्यांना "तिळगूळ घ्या" म्हणायची आणि त्या हसून तेच परत म्हणायच्या. अंधार पडल्यावर कागदी कंदील आभाळात चढू लागले.

लांबच्या गाडीप्रवासाला निघणाऱ्यांना मी अनुभवाने एक सांगतो. रोज नवं गाव, रोज नवी खोली, असा बेत करू नका. चार-पाच दिवसांनी एक घर शोधा, मग ते दूरच्या नात्यातलं का असेना. तिथे किमान दोन रात्री राहा. कपडे धुऊन वाळवा, गाडीची हवा-पाणी बघून घ्या, एक पूर्ण दुपार झोपा. जाताना तुमच्या गावचं काही न्या. आम्ही बट्टीचं जाडसर पीठ आणि वांग्याच्या भाजीचा काळा मसाला नेला होता. त्यांच्या घड्याळाप्रमाणे उठा आणि त्यांच्या ताटात असेल ते जेवा. हॉटेलात आपण गिऱ्हाईक असतो, आणि गिऱ्हाइकाला शहर आपली विकाऊ बाजू दाखवतं. पाहुण्याला ते आपली गच्ची दाखवतं.

चौथ्या दिवशी सकाळी निघताना आत्याच्या सुनेने एक स्टीलचा डबा लेकीच्या मांडीवर ठेवला. वर आत्याने केलेला तिळगूळ, खाली तिने केलेला चूरमा. "सीकर रास्ते में ही है. मम्मी को दे देना." सीकर खरंच वाटेवरच होतं. जयपूरहून ५२ क्रमांकाचा तोच रस्ता सीकर, हिसार करत संगरूरला जातो. आत्याचं माहेर धुळं या रस्त्याच्या एका बाजूला आणि तिच्या सुनेचं माहेर दुसऱ्या बाजूला, हे चार दिवसांत कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

सीकरच्या घरी आम्ही पाच मिनिटांसाठी थांबलो आणि दोन तासांनी निघालो. रिकामा डबा त्यांनी परत दिला नाही. भरून दिला, आणि परतीच्या वाटेवर जयपूरला पोचवायला सांगितला.