नवी नोकरी आणि चेपलेले बोट

सातपूर-अंबडच्या कामगार वस्त्यांत आम्ही हे नेहमी ऐकतो. पोर कारखान्यात लागते आणि पहिल्याच आठवड्यात हाताला पट्टी बांधून घरी येते. प्रेस मशीनखाली बोट गेलेले असते. ठेकेदार म्हणतो, "तू नवा आहेस, कार्ड निघालं नाही. घरी लागलं म्हणून सांग." नोकरी जाईल म्हणून पोर गप्प, आईही गप्प.

बंधुभगिनींनो, इथेच आपण फसतो. कामगार राज्य विमा योजनेत आजारपणाच्या भत्त्यासाठी आधी वर्गणी भरलेली लागते. कामावरच्या अपघाताला ती अट नाही. दहा किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात, दरमहा २१,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्याला हा हक्क पहिल्या दिवसापासून आहे. ठेकेदाराचा माणूसही त्यात येतो. उपचार मिळतात, आणि निदान तीन दिवस काम बुडाले तर बरे होईपर्यंत मजुरीच्या ९० टक्के भत्ता मिळतो.

मग करायचे काय? त्याच दिवशी मुकादमाला सांगा. अपघात नोंदवहीत वेळ आणि मशीन लिहवून घ्या. शेजारी काम करणाऱ्या दोघांची नावे टिपून ठेवा. सातपूरच्या विमा रुग्णालयात डॉक्टरांना खरे कारण सांगा. केसपेपरवर एकदा "घरी लागले" असे लिहिले गेले, की ते खोडून काढताना नाकी नऊ येतात.

या योजनेचा पाया ठरलेला आडारकर अहवाल १९४४ साली आला, तेव्हा मजूर खाते बाबासाहेबांकडे होते. ही मालकाची मेहेरबानी नव्हे. म्हणून आईनेच पोराला सांगावे, "बाळा, भिऊ नकोस. खरं ते लिहून घे."