माडीच्या फळ्या घरच्या घरी

गारगोटीत जुन्या कडीपाटाच्या घराची माडी काळी पडली की फरशी बसवायचा सल्ला हमखास मिळतो. त्या ओझ्याने जुन्या कड्या वाकू शकतात, म्हणून आम्ही फळ्याच घासायच्या ठरवल्या. वर आलेले खिळे आधी आत ठोकले. मग 60, 100 आणि 150 नंबरचा पॉलिश पेपर, तोही लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच; आडवे ओरखडे तेल लावल्यावर उठून दिसतात. काम उन्हाळ्यात काढावे, वेदगंगेकाठच्या पावसात फळ्या दमट असतात. रंगाच्या दुकानातले जवसाचे तेल पातळ लावून जादा पुसून घ्यावे. मात्र तेलाची चिंधी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेट घेऊ शकते! अंगणात सुटी पसरून वाळवा. ईदआधी निदान पंधरा दिवस हात घाला. तेल सुकायला वेळ लागतो.