आकडा नसलेलं चाक

मंडळी, एखाद्या गॅरेजच्या कोपऱ्यात जुनं लोखंडी चाक पडलेलं असतं. गंजलेलं, त्यावर आकडा कुठेच दिसत नाही. ते किती इंची, हे आपण कसं ठरवणार?

आपल्या खडवलीच्याच मध्य रेल्वेवर कुर्ला आहे. तिथल्या प्रीमियर कारखान्यात पद्मिनी तयार व्हायची. टॅक्सी म्हणून ती ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून गेली. पण हौशी लोक तिची चाकं अजून शोधतात. पद्मिनीचं चाक १४ इंची, अँबेसेडरचं १५, मारुती ८०० चं १२. नुसत्या नजरेनं यांत गल्लत होते.

नैयायिकांनी ज्ञानाची जी साधनं सांगितली, त्यातली तीन इथे उपयोगी पडतात.

पहिलं शब्द. तारेच्या ब्रशनं गंज काढा आणि व्हॉल्व्हच्या भोकाजवळ, आतल्या बाजूनंही बघा. '५ जे १४' असा ठसा सापडला, तर रुंदी ५ इंच, कडेचा आकार 'जे' आणि व्यास १४ इंच.

दुसरं अनुमान. रिमवर जुना टायर असेल तर तो वाचा. ५.२०-१४ असं असेल, तर १४ हा रिमचा व्यास. ५.२० ही मात्र टायरची रुंदी, रिमची नव्हे.

दोन्ही नसेल तर प्रत्यक्ष. इथेच फसगत होते. आपण पट्टी बाहेरच्या कडेपासून कडेपर्यंत लावतो, आणि १४ चं चाक सव्वापंधराच्याही वर भरतं. कारण १४ हा आकडा कडेचा नाहीच; टायर जिथे टेकतो त्या बैठकीचा आहे. म्हणून टायर काढून, कडेला लागून आतल्या बैठकीवर दोरी गुंडाळायची. दोरी साधारण साडेपंच्याण्णव सेंटिमीटर भरली तर १२ इंच, साडेएकशेतीन तर १३, साडेएकशेअकरा तर १४, एकशेएकोणीस-साडेएकोणीस तर १५. एका इंचाला दोरीत आठ सेंटिमीटरचा फरक पडतो, त्यामुळे थोडं इकडेतिकडे झालं तरी उत्तर बदलत नाही.

मग दोन कडांमधली आतली रुंदी घ्या. बोल्टची भोकं चार असतील तर समोरासमोरच्या दोन भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजा; पाच असतील तर शेजारच्या दोन भोकांमधल्या अंतराला १.७ नं गुणा. मधलं मोठं भोकही मोजा.

एवढी चिकित्सा कशासाठी? परदेशातल्या काही जुन्या गाड्यांना साडेसोळा इंची रिम असायचे. त्यावर १६ चा टायर चढतो, पण नीट बसत नाही. तो बसावा म्हणून हवा वाढवत गेलं की टायरच्या कडेतली तार तुटून स्फोट होतो; माणसं त्यात दगावली आहेत. म्हणून दोरीचं माप दोन आकड्यांच्या अधेमधे आलं, तर ओढूनताणून जवळचा आकडा धरायचा नाही. पुन्हा मोजायचं. तरी जुळलं नाही, तर त्या चाकात हवा भरायची नाही.