पत्र्याची आतली बाजू

मोटारीला ठोकर बसून पुढच्या मडगार्डचा पत्रा चुरगळला, की तो ठोकून, वर लांबी भरून सारखा करण्यापेक्षा नवाच आणून बसवावा अशी शिफारस मिस्त्री हल्ली सर्रास करतात. आणि ज्या गाडीचे पत्रे वेल्डिंगने कायमचे न जोडता बोल्टांनी आवळलेले असतात, तिच्या बाबतीत ती शिफारस रास्तही असते. 1983 साली रस्त्यावर आलेली आणि 2014 साली जिचे उत्पादन थांबले ती मारुती 800 याच जातीची असून, अनेक घरांत तिचा लोभ अद्याप सुटलेला नाही. परंतु नवा पत्रा घरच्या अंगणात रंगवण्याची उमेद बाळगणारे गृहस्थ आपले सारे लक्ष वरच्या झळाळीवर केंद्रित करतात, आणि ज्या थरावर व ज्या बाजूवर पत्र्याचे आयुष्य खरोखर अवलंबून असते, त्यांची वास्तपुस्तही कोणी करीत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

नवा पत्रा बहुधा काळा येतो. हा काळेपणा म्हणजे केवळ वाहतुकीपुरते दिलेले आवरण, असे समजून पुष्कळजण तो घासून काढतात व लोखंड उघडे पाडतात, आणि अनर्थाचा आरंभ तिथेच होतो. उत्तम प्रतीच्या पत्र्यावरचा तो थर ब्रशाने वा फवाऱ्याने दिलेला नसतो. पाण्यात मिसळलेल्या रंगाच्या हौदात पत्रा बुडवून, त्यातून विद्युत्प्रवाह खेळवून, जिथे माणसाचा हात पोहोचत नाही अशा घड्यांत व दुमडींतही रंगाचे कण बसवलेले असतात, आणि मग साधारण 160 ते 180 अंश सेल्सिअस उष्णतेच्या भट्टीत तो थर पक्का केलेला असतो. अमेरिकेतील फोर्ड कंपनीत डॉ. जॉर्ज ब्रूवर व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1957 च्या सुमारास या पद्धतीचे संशोधन आरंभले, आणि 1963 पासून ती मोटारींच्या कारखान्यांत उतरली. जाडी अवघी वीसेक मायक्रॉन. परंतु घरी कोणत्याही उपायाने तसा थर निर्माण करता येत नाही, म्हणून तो असेल तर प्राणपणाने राखावा.

तो आहे की नाही, याची तहकीकात सोपी आहे. थिनरमध्ये भिजवलेले पांढरे फडके पत्र्याच्या एका कोपऱ्यावर मिनिटभर दाबून धरावे आणि मग चोळावे. फडके स्वच्छ राहिले, तर 320 ते 400 नंबरच्या पॉलिश पेपरने वरची चकाकी तेवढी मारावी, अधिक काही करू नये. फडक्याला काळे लागून खाली राखी लोखंड दिसू लागले, तर तो प्रवासापुरता लेप समजून संपूर्ण काढावा, तेलाचा अंश पुसावा, आणि त्याच दिवशी एपॉक्सी प्रायमरचा थर द्यावा, कारण कोकणाच्या दमट हवेत उघडे लोखंड रात्र उलटण्यापूर्वीच तांबूस पडू लागते.

रंगाला हात घालण्यापूर्वी पत्रा एकदा गाडीवर चढवून, बोल्ट सैल ठेवून, दरवाजाशी व बोनेटशी त्याची फट वरपासून खालपर्यंत सारखी येते की नाही हे पाहणे अनिवार्य होय. रंगवल्यानंतर कानस लावण्याची पाळी आली, की केलेले सारे श्रम फुकट जातात.

यानंतर प्रायमर-सरफेसरचे दोन-तीन हात, प्रत्येकामध्ये दहा-पंधरा मिनिटांची मुदत ठेवून द्यावेत. तो पूर्ण वाळल्यावर त्यावर काळ्या रंगाचा अगदी विरळ फवारा मारावा, 400 नंबरचा वॉटर पेपर रबराच्या ठोकळ्याला गुंडाळून घ्यावा, आणि पाणी सोडीत, तिरप्या हाताने घासत जावे. उंचवट्यावरचे काळे ठिपके प्रथम उडतात. खळगा असेल तिथे ते तसेच राहतात, आणि नुसत्या डोळ्यांना जो दोष उद्या रंगाच्या तकाकीत दिसला असता, तो आजच नजरेस पडतो. काळे संपूर्ण नाहीसे होईपर्यंत घासावे, मधेच लोखंड उघडे पडल्यास पुन्हा प्रायमर द्यावा, आणि शेवटी 800 नंबरचा पेपर फिरवावा. या कामात जी शांती आहे तिचा मी मनापासून चाहता आहे.

प्रत्यक्ष रंगाविषयी मात्र माझे मत ठाम आहे. हल्लीच्या पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचे द्रव्य असते. त्याचा फवारा श्वासावाटे गेल्यास दमा जडू शकतो, आणि एकदा शरीराने त्याचा दावा धरला, की पुढे अत्यल्प मात्राही सोसत नाही. त्याच्या वासाने वेळीच सूचना मिळत नाही, त्यामुळे कोळशाच्या डब्यांचा मुखवटा केव्हा निकामी झाला हेही कळत नाही. म्हणून जाणती गॅरेजे रंगाऱ्याला नळीवाटे बाहेरची शुद्ध हवा पुरवतात. ही तरतूद घरी होत नसल्यामुळे, पत्र्याची तयारी आपण करावी आणि पीयूचा हात रंगाऱ्याकडून मारून घ्यावा, हीच तजवीज मला श्रेयस्कर वाटते.

सर्वच काम घरी करायचे असेल तर नायट्रोसेल्युलोजचा, म्हणजे एन.सी. रंग घ्यावा. ड्यूपॉन्ट कंपनीने 1923 साली 'ड्यूको' या नावाने तो मोटारींसाठी आणला, आणि रंगकामाला लागणारे कित्येक आठवडे त्यामुळे वाचले. तोही ज्वालाग्राही, त्याची वाफही अपायकारक. मुखवटा, मोकळी हवा आणि विस्तवापासून अंतर यांचा बंदोबस्त हवाच. शिवाय पेट्रोल सांडले तर त्यावर डाग पडतो. पावसाळ्यात तर तो मारूच नये, कारण थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतले बाष्प त्यावर जमते आणि रंग पांढुरका पडतो. देशावरची हिवाळ्यातली कोरडी, निवांत सकाळ त्याला मानवते. पांढऱ्यासारखा साधा रंग निवडणे सोपे, तरीही जुन्या गाडीचा पांढरा काळाने पिवळसर झालेला असतो. जुना भाग पॉलिशने उजळून, त्याच्याशी नमुना ताडूनच रंग मिसळून घ्यावा.

पत्रा अखेरचा आवळल्यावर बोल्टांची खरवडलेली डोकी रंगाने झाकावीत, आणि चाकामागच्या दुमडीत, जिथे चिखल साचून गंज आतून बाहेर येतो, गंजरोधक मेणाचा भरपूर फवारा मारावा. पाणी निघून जाण्यासाठी ठेवलेली भोके मेणाने बुजली तर ती तारेने मोकळी करावीत, आणि दर पावसाळ्याच्या अखेरीस चाक उतरवून तो कोपरा पाण्याच्या धारेने धुऊन घ्यावा.