शस्त्रक्रियेपूर्वी चार मिनिटांचा प्रकाश

घरातील वडील माणसांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ही आता घरोघरची गोष्ट झाली आहे. पूर्वी आजीचे गुडघे दुखू लागले म्हणजे निर्गुडीचा शेक आणि महानारायण तेल एवढ्यावर भागत असे; आता नगर, लोणी किंवा पुणे येथे धातूचा नवा सांधा बसवून घेण्याचा विचार सुरू होतो. मग माजघरात सर्वांची बैठक बसते. शस्त्रवैद्य कोण, खर्च किती, रात्री सोबतीस कोणती सून राहणार, इतकेच काय पण दिवस कोणता चांगला, या सर्वांचा खल होतो. मात्र रोग्याच्या स्वतःच्या नाकात आणि कातडीवर कोण बिऱ्हाड करून राहिले आहे, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. वास्तविक तोच अधिक महत्त्वाचा आहे.

शस्त्रक्रियेनंतर जखम चिघळली की आपण इस्पितळाच्या अस्वच्छतेस बोल लावतो, आणि पुष्कळदा तो योग्यही असतो. परंतु अनेक प्रसंगी जंतू रोग्यानेच बरोबर आणलेले असतात. त्यांपैकी प्रमुख म्हणजे स्टॅफिलोकॉकस ऑरियस. सूक्ष्मदर्शकाखाली हे जंतू द्राक्षांच्या घोसासारखे दिसतात, म्हणून ॲलेक्झांडर ऑग्स्टन या स्कॉटिश शस्त्रवैद्याने त्यांना घोसवाचक ग्रीक नाव दिले. त्यांच्या वसाहतीचा रंग सोनेरी असल्यामुळे रोझेनबाख याने १८८४ मध्ये ‘ऑरियस’ हे विशेषण जोडले. निरोगी माणसांपैकी सुमारे एक-तृतीयांश लोकांच्या नाकपुड्यांत हे जंतू निमूटपणे राहत असतात. नाकाचा हात अंगाला लागतो, अंगावरून ते जखमेत उतरतात. साध्या जखमेत शरीर त्यांचा समाचार घेते. पण कृत्रिम सांध्यावर ते चिकट थर करून बसले म्हणजे औषध तेथपर्यंत नीट पोचत नाही, आणि कित्येकदा बसविलेला सांधा काढून पुन्हा सर्व सव्यापसव्य करावे लागते. सत्तर वर्षांच्या आजीस ते कितपत झेपेल, हे सांगावयास नको.

यावर रूढ उपाय म्हणजे नाकात म्युपिरोसिनचे मलम आणि अंगास क्लोरहेक्सिडीनचे स्नान. हे दोन्ही उपाय केल्याने त्या जंतूंच्या संसर्गाचे प्रमाण शेकडा ७.७ वरून ३.४ वर आल्याचे हॉलंडमधील वैद्यांनी २०१० मध्ये दाखवून दिले. उपाय खरा, पण मलम पाच दिवस, दिवसातून दोनदा लावावयाचे असते; आणि त्यास न जुमानणारे जंतूही आता निपजू लागले आहेत.

येथे प्रकाशाची कथा सुरू होते. १९०० च्या सुमारास म्युनिक येथे ऑस्कर राब नावाचा विद्यार्थी प्राध्यापक फॉन टापाइनर यांच्या हाताखाली काम करीत होता. ॲक्रिडीन या रंगद्रव्याच्या पाण्यात पॅरामेशियम नावाचे सूक्ष्म प्राणी किती वेळ जगतात, हे तो पाहत असे. एकाच मात्रेत ते एके दिवशी चटकन मरत, तर दुसऱ्या दिवशी बराच वेळ तग धरीत. कोणीही हा हाताचा दोष समजून सोडून दिला असता. परंतु फरक द्रव्याचा नसून उजेडाचा आहे, हे त्याने ताडले. रंग एकटा निरुपद्रवी, प्रकाशही एकटा निरुपद्रवी; दोघे एकत्र आले की मारक! आपल्याकडील वैद्यांस हे फारसे नवलाचे वाटू नये. कोडावर बावचीचे बी देऊन रोग्यास उन्हात बसविण्याची रीत आयुर्वेदात जुनीच आहे, आणि तीतही औषध व ऊन यांची जोडी आहे. नील्स फिन्सेन या डॅनिश वैद्यास त्वचेच्या क्षयावरील प्रकाशोपचाराबद्दल १९०३ चे नोबेल पारितोषिक मिळाले, तेही याच काळात.

आजच्या उपचारात मेथिलीन ब्लू हा निळा रंग वापरतात. १८७६ पासून ज्ञात असलेले हे द्रव्य एकेकाळी हिवतापावरही देऊन पाहिले होते. शस्त्रक्रियेपूर्वी थोडा वेळ हा रंग कापसाच्या बोळ्याने नाकपुड्यांत लावतात. तो जंतूंच्या ऋणभारित कवचास चिकटतो. मग बारीक नळीतून तांबडा प्रकाश चार-पाच मिनिटे सोडतात. रंगाचा कण ती शक्ती शोषून शेजारच्या प्राणवायूस देतो. तो प्राणवायू क्षणभर अतिशय उग्र बनतो आणि जंतूचे कवच फोडतो. हा उग्रपणा इतका अल्पायुषी असतो की त्याचा पल्ला फार दूर जात नाही. दिवा मालवला की काम संपले. आघात एकाच वेळी अनेक ठिकाणी होत असल्यामुळे जंतूंना प्रतिकार शिकणेही अवघड जाते.

कॅनडातील व्हँकुव्हरच्या मोठ्या इस्पितळात २०११-१२ या वर्षी ३०६८ रोग्यांवर हा प्रयोग झाला. हृदय, हाडे, मणका इत्यादींच्या मोठ्या शस्त्रक्रियांपूर्वी त्यांच्या नाकात प्रकाशोपचार केला आणि अंग क्लोरहेक्सिडीनच्या कापडाने पुसले. जखमा दूषित होण्याचे प्रमाण पूर्वी शेकडा २.७ होते, ते १.६ झाले, म्हणजे हजार रोग्यांमागे अकरा कुटुंबे या संकटातून वाचली. मात्र हा पुरावा डोळे मिटून स्वीकारण्याजोगा नाही. तुलना त्याच वेळच्या दुसऱ्या गटाशी नसून मागील वर्षांतील रोग्यांशी होती, आणि दोन उपाय एकदम केल्यामुळे श्रेय कोणाचे किती, हे निवडता येत नाही.

तरीही आपल्या जिल्ह्याच्या दृष्टीने मला हा उपाय विचारार्ह वाटतो. अकोल्याच्या डोंगरातून किंवा पाथर्डीकडून आलेला रोगी आदल्या संध्याकाळी एस्टीतून उतरतो. त्याने पाच दिवस मलम लावलेले असेल अशी अपेक्षा कोणी करावी? उसाच्या हंगामात ट्रॅक्टरखाली पाय सापडलेल्या गड्यास तर पाच तासही मिळत नाहीत. अशांसाठी चार मिनिटांचा उपाय मोलाचा ठरेल. लोणीस १९८४ पासून ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्याच्यासारख्या संस्थेने हा प्रश्न येथील रोग्यांवर शास्त्रशुद्ध रीतीने पडताळून पाहणे उचित होईल.

एक सूचना मात्र आताच केली पाहिजे. आमच्या पर्जन्यछायेच्या मुलुखात उन्हाचा तुटवडा नाही, म्हणून कोणी आजीबाईंस शस्त्रक्रियेपूर्वी अंगणात उन्हात बसवू नये. विशिष्ट रंग आणि विशिष्ट प्रकाश यांच्यावाचून हे कार्य होत नाही. उन्हाने कातडी भाजेल एवढेच.

घरच्यांच्या हातची गोष्ट निराळी आहे. आदल्या रात्री व सकाळी साबणाने स्वच्छ स्नान घालावे, धुतलेले कपडे द्यावेत, अंगावर कोठे गळू किंवा पुटकुळी असल्यास संकोच न करता शस्त्रवैद्यास दाखवावी. नाकातील जंतूंची तपासणी करावयाची काय, हे सांधा बसविण्यापूर्वी अवश्य विचारावे. हृदयाच्या व हाडांच्या शस्त्रक्रियेत जंतुवाहक रोग्यांस मलम देण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये केलीच आहे. त्याच वेळी तिने वस्तऱ्याने केस काढू नयेत, असेही बजावले. वस्तऱ्याने कातडीवर न दिसणारे ओरखडे उठतात आणि त्यांत जंतूंस आयतीच जागा मिळते. केस काढणे अगदी भागच असेल तर ते कातरयंत्राने काढावेत. तेव्हा आदल्या दिवशी न्हाव्यास घरी बोलावण्याची घाई करू नये.